पाळण्यापाशी दोघी

पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात एक लहानसे तैलचित्र आहे. उंची ५६ सेंटिमीटर, रुंदी ४६. म्हणजे घरातल्या भिंतीवरच्या आरशाएवढे. एक तरुण आई बाळाच्या पाळण्याशेजारी बसली आहे. अंगात गडद रंगाचा, पट्ट्यापट्ट्यांचा पोशाख, गळ्यात काळी फीत. डावा हात कोपरात दुमडून गालाशी टेकलेला. दुसऱ्या हाताच्या बोटांत पाळण्यावरून खाली आलेला झिरझिरीत पडदा. पडद्याआड बाळ झोपले आहे, आणि त्याचाही इवलासा हात आईसारखाच दुमडून डोक्याशी गेला आहे. मागे खिडकीचा पडदा. बस्स, एवढेच. दुपारची शांत वेळ असावी आणि घरातल्या माणसांनी पावले न वाजवता चालावे, अशी ती खोली आहे.

हे वात्सल्याचे चित्र म्हणून जगभर प्रसिद्ध आहे आणि ते तसे आहेही. पण घटकाभर थांबून त्या आईच्या चेहऱ्याकडे पाहिले, की मन घुटमळते. ती हसत नाही. बाळावर खिळलेल्या त्या नजरेत माया आहे तसा थकवाही आहे. आणि आणखीही काहीतरी आहे, ज्याला चटकन नाव देता येत नाही.

खरे म्हणजे त्या खोलीत बायका दोन आहेत. एक आपल्याला दिसते. दुसरी कुंचला हातात घेऊन, आज आपण जिथे उभे राहून चित्र पाहतो, नेमकी तिथे उभी आहे. दिसते ती एदमा. न दिसणारी बेर्त मोरिसो, तिची पाठची बहीण. चित्र १८७२ सालचे. त्याआधी तीनच वर्षांपर्यंत एदमाच्या हातातही कुंचला होता, आणि तिला ओळखणारे लोक तिला धाकटीपेक्षा कमी मानत नव्हते. हे एकदा कळले, की ‘पाळणा’ या साध्या नावाचे हे चित्र पूर्वीसारखे दिसत नाही.

बेर्तचा जन्म १४ जानेवारी १८४१ रोजी फ्रान्समधल्या बूर्ज या गावी झाला. वडील बडे सरकारी अधिकारी, प्रांताचा कारभार पाहणारे. आईच्या माहेराचे नाते अठराव्या शतकातल्या फ्रागोनार या चित्रकाराशी लागते, असे घरात अभिमानाने सांगितले जाई. इव्ह, एदमा आणि बेर्त या तीन मुली आणि एक मुलगा. १८५२ साली कुटुंब पॅरिसला आले. खाऊनपिऊन सुखी, प्रतिष्ठेला जपणारे घर. अशा घरातल्या मुलींना पियानो यावा, थोडे चित्र काढता यावे, म्हणजे स्थळ चांगले मिळते, ही तेव्हाची रीत. १८५७ साली आईने तिघींना चित्रकलेच्या शिकवणीला घातले ते केवळ वडिलांना एखादे चित्र भेट देता यावे म्हणून, असे सांगतात.

पहिल्या शिक्षकाला मुली कंटाळल्या. मग जोसेफ गिशार हे शिक्षक आले. इव्ह लवकरच बाजूला झाली. मागे राहिल्या एदमा आणि बेर्त. या दोघींचा हात पाहून गिशार हरखला आणि घाबरलाही. त्याने मादाम मोरिसोंना स्पष्ट बजावले, की या मुली हौसेपुरते शिकून थांबणाऱ्यातल्या नाहीत. माझ्याकडे ठेवाल तर त्या खऱ्याखुऱ्या चित्रकार होतील, आणि तुमच्यासारख्या घरात हे म्हणजे उत्पातच ठरेल. आईने काय विचार केला कोण जाणे; शिकवणी चालू राहिली. पुढे बेर्तच्या लग्नाची काळजी करताना हीच आई अनेकदा हवालदिल झाली. पण रंगांच्या पेट्या तिने कधी बंद करायला लावल्या नाहीत.

पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत मुलींना प्रवेश नव्हता. तो १८९७ साली मिळाला, म्हणजे बेर्तच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. तेव्हा दोघी बहिणी लूव्र संग्रहालयात जाऊन जुन्या थोरामोठ्यांच्या चित्रांच्या नकला करू लागल्या. सोबतीला कोणीतरी वडीलधारे असेच. नंतर त्या कोरो या वृद्ध निसर्गचित्रकाराकडे गेल्या. उघड्यावर, झाडाखाली, नदीकाठी बसून बदलता उजेड कसा टिपायचा, हे त्याने शिकवले. १८६४ साली पॅरिसच्या ‘सालों’ या सरकारमान्य वार्षिक प्रदर्शनात दोघींची चित्रे लागली आणि नंतरच्या वर्षांतही लागत राहिली. वडिलांनी मुलींसाठी घराच्या बागेत स्टुडिओ बांधून दिला.

त्या काळात एदमाने बेर्तचे एक व्यक्तिचित्र काढले. साल १८६५ च्या आसपासचे. त्यात बेर्त कॅनव्हाससमोर उभी आहे, हातात कुंचला, नजर कामावर. चित्रकर्तीने काढलेले चित्रकर्तीचे चित्र. बेर्त मोरिसोची चित्रे पुढे बऱ्याच जणांनी काढली; एदुआर मानेने तर एकापाठोपाठ एक काढली. पण ती काम करताना दिसते ती तिच्या बहिणीच्या चित्रात. मानेच्या चित्रांतली बेर्त म्हणजे काळ्याभोर डोळ्यांची, गॅलरीत टेकून बसलेली, हातात पंखा घेतलेली किंवा पोशाखावर व्हायोलेटची फुले खोवलेली सुंदर तरुणी. तिच्या हातात कुंचला त्याने दिला नाही.

मानेची ओळख झाली १८६८ साली, लूव्रमध्ये. फाँतँ-लातूर या चित्रकार मित्राने ती करून दिली. मोरिसो भगिनी मोठ्या मोहक आहेत, पण त्या पुरुष नाहीत हे वाईट झाले, अशा अर्थाचे काहीतरी माने तेव्हा लिहून गेला. त्यात थट्टा होती आणि वस्तुस्थितीही. मानेभोवती जमणारे तरुण चित्रकार संध्याकाळी कॅफे गेर्ब्वामध्ये बसून नव्या चित्रकलेवर तावातावाने भांडत. कुलीन घरातल्या मुलीने तिथे पाऊल टाकणे शक्यच नव्हते. त्या चर्चा बेर्तला आईच्या मंगळवारच्या मेजवान्यांत, जेवणाच्या टेबलावरच काय त्या ऐकायला मिळत.

१८६९ साली एदमाचे लग्न झाले. नवरा नौदलातला अधिकारी, त्याची नेमणूक ब्रिटनीच्या किनाऱ्यावर लोरिआँ येथे. एदमा सासरी गेली आणि बारा वर्षे शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन घोड्यांपैकी एक घोडा रिकामा झाला. चित्रकारांच्या भाषेत घोडा म्हणजे कॅनव्हास टेकवायची लाकडी चौकट. त्या रिकाम्या घोड्याकडे पाहत एकटीने काम करणे बेर्तला किती जड गेले, ते दोघींच्या पत्रव्यवहारात दिसते. एदमा लिहिते, की मनाने ती रोज त्या स्टुडिओतच असते. पाव तासापुरते का होईना, पळून यावे आणि तिथली हवा श्वासात भरून घ्यावी असे वाटते. बेर्त तिची समजूत घालते, की ज्या चित्रकलेसाठी तू झुरतेस तिने मलाही दुःखच फार दिले आहे. उलट तुझ्या वाट्याला संसार आला, माणसाची माया आली, ते थोडे नाही. दोघी एकमेकींचे सुख मोजत होत्या आणि दोघींनाही आपलेच पारडे हलके दिसत होते.

त्याच वर्षी बेर्त बहिणीकडे राहायला गेली. तिथे तिने बंदराचे चित्र काढले. विस्तीर्ण पाणी, नावा, आणि कोपऱ्यात दगडी कठड्यावर छत्री घेऊन बसलेली एदमा. हे चित्र मानेला इतके आवडले, की बेर्तने ते त्याला देऊनच टाकले. वर्षाअखेरीस एदमा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आणि बेर्तने आई आणि बहीण यांना एकत्र चितारले: काळ्या पोशाखातली आई पुस्तक वाचते आहे, पांढऱ्यातली गर्भार एदमा शेजारी शून्यात पाहत बसली आहे.

या चित्रावरून एक प्रसंग घडला. सालोंला चित्र पाठवायचा दिवस आला, बेर्तचे समाधान होईना, म्हणून तिने मानेचा सल्ला विचारला. माने आला. पोशाखाच्या खालच्या कडेला त्याने एक-दोन फटकारे मारले, ते साधले. मग त्याला आवरेना. पोशाख झाला, छाती झाली, चेहरा झाला, मागची भिंतही झाली. हसत, विनोद करत त्याने चित्रातली आई जवळजवळ नव्याने रंगवली. दारात हातगाडीवाला खोळंबलेला. चित्र गेले. बेर्त संतापाने आणि लाजेने आजारी पडायची वेळ आली. चित्र नाकारले जावे एवढीच तिची इच्छा उरली. ते स्वीकारले गेले. मानेला ती मानत होती आणि पुढेही मानत राहिली. पण आपल्या चित्रावर कोणाचा हात फिरू द्यायचा नाही, हा धडा तिने त्या दिवशी घेतला असावा.

१८७० साली प्रशियाशी युद्ध पेटले, पॅरिसला वेढा पडला. बेर्त आईवडिलांबरोबर शहरातच राहिली. स्टुडिओत शिपायांनी मुक्काम ठोकला होता. उपासमार आणि थंडी यांनी तिची प्रकृती खालावली, ती पुरती सुधारली नाही. युद्ध संपले तेव्हा ती तिशीत होती. लग्न नाही, चित्रांना गिऱ्हाईक नाही, आणि तिच्या कामात काही अर्थ आहे की नाही याची घरात उघड कुजबुज.

या मनःस्थितीत, १८७२ साली, तिने एदमाची तान्ही मुलगी ब्लांश हिचा पाळणा रंगवला. आता ते चित्र पुन्हा पाहू. एदमाने बेर्तला रंगवले होते ते काम करताना. बेर्त एदमाला रंगवते आहे ती पाळणा राखताना. बेर्तने आपल्या बहिणीचे वात्सल्य खोटे ठरवलेले नाही. आई आणि मूल यांना जोडणारी तिरपी रेषा पाहा: आईची नजर, तिचा दुमडलेला हात, बाळाचा तसाच हात, मिटलेले डोळे. या रेषेत कोणालाही शिरकाव नाही. एदमाच्या बोटांतला पडदा बाळ आणि आपण यांच्या मध्ये आला आहे. म्हणजे तो बाळ आणि बेर्त यांच्याही मध्ये आहे. अलीकडे उभ्या असलेल्या बहिणीकडे तो संसार नाही. आणि पलीकडे बसलेल्या बहिणीकडे ती उभी असण्याची जागा नाही. तो पडदा रंगवणे हीच मोठी करामत होती. पांढऱ्यातून दिसणारे पांढरे, त्यात करड्या, निळ्या, गुलाबी छटा. इतके पातळ रंग, इतके हलके फटकारे, की कापडाऐवजी उजेडच रंगवला आहे असे वाटावे. पुढे दृक्प्रत्ययवाद म्हणून ज्याचा जगभर बोलबाला झाला, तो इथे बाळाच्या पाळण्यावर उतरला आहे.

दोन वर्षांनी, १८७४ च्या एप्रिलमध्ये, सालोंच्या जाचाला कंटाळलेल्या तीसेक चित्रकारांनी स्वतःचे स्वतंत्र प्रदर्शन भरवले. नादार या छायाचित्रकाराचा बुलव्हार दे काप्युसिनवरचा जुना स्टुडिओ ही जागा. मोने, रेन्वा, पिसारो, सिस्ले, देगा, सेझान आणि त्यांच्यात एकच स्त्री, बेर्त मोरिसो. मानेने स्वतः भाग घेतला नाही आणि तिलाही घेऊ नको म्हणून सांगितले. तिने ऐकले नाही. जुने गुरू गिशार प्रदर्शन पाहून हादरले आणि या वेड्यांची संगत सोडायला सांगा, असे त्यांनी मादाम मोरिसोंना कळवले. बेर्तने तेही ऐकले नाही. सालोंकडे ती पुन्हा कधी फिरकली नाही. ‘पाळणा’ त्याच प्रदर्शनात होता. दोन-चार समीक्षकांनी त्याच्या नाजूकपणाचे कौतुक केले, पण विकत कोणी घेतला नाही. प्रयत्न करूनही गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा बेर्तने तो बाजूला काढला आणि तो एदमाच्या घरी गेला.

त्याच वर्षी डिसेंबरात, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, बेर्तने एदुआर मानेचा धाकटा भाऊ युजेन याच्याशी लग्न केले. इथे तिच्या आयुष्याची वाट एदमाच्या वाटेपासून वेगळी झाली. युजेनने तिच्या कामाला आपले काम मानले. लग्नानंतरही ती मोरिसो या माहेरच्या नावानेच प्रदर्शनांत उतरली. १८७५ च्या मार्चमध्ये मोने, रेन्वा, सिस्ले आणि ती यांनी ओतेल द्रुओमध्ये चित्रांचा लिलाव केला. लोकांनी इतका गोंधळ घातला, की पोलिसांना बोलवावे लागले. त्या पडेल लिलावात सर्वांत जास्त किंमत, ४८० फ्रँक, आली ती बेर्तच्या घरातील दृश्याच्या एका चित्राला. पुढल्या वर्षी एका नामांकित टीकाकाराने या मंडळींना पाच-सहा वेड्यांची टोळी ठरवले आणि त्यात एक बाईही आहे असा टोमणा मारला. युजेन द्वंद्वयुद्धाला निघाला. मित्रांनी कसेबसे आवरले. १८८२ साली बेर्त लेकीला घेऊन नीसला होती, तेव्हा तिची चित्रे प्रदर्शनात नीट लागली की नाही हे पॅरिसमध्ये युजेनने जातीने पाहिले.

१८७८ च्या नोव्हेंबरात मुलगी झाली, जूली. एकंदर आठ प्रदर्शनांपैकी बेर्त फक्त एकाला नव्हती, ते १८७९ चे. एरवी सातही ठिकाणी ती हजर. पाळण्याची दोरी हातात आली, पण कुंचला सुटला नाही. हे कसे जमले, याचे उत्तर तिच्या चित्रांतच आहे. तिने घरालाच स्टुडिओ केले. बैठकीच्या खोलीत ती रंगवी. कोणी आले, की कॅनव्हास आणि रंग कपाटात जात. बागेत खेळणारी जूली, पाने वाचणारी भाची, आरशासमोरची तरुणी, जेवणघरातली मोलकरीण आणि तिच्या पायाशी कुत्रे: जे समोर, ते चित्रात. बुझिव्हालच्या बागेत तिने युजेन आणि जूली यांना रंगवले आहे. तिथे मूल बापाच्या देखरेखीखाली आहे, कारण आई काम करते आहे. त्या काळच्या चित्रांत असा बाप क्वचितच सापडेल.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. या घरात पैसा होता. स्वयंपाकीण, मोलकरीण, दाई होत्या. एका चित्रात दाई जूलीला अंगावर पाजते आहे. आई ते दृश्य रंगवते आहे. एका बाईचे काम चालावे म्हणून दुसऱ्या बाईने तिचे मूल सांभाळणे, हा व्यवहार तिने लपवला नाही. उलट तोही चित्राचा विषय केला. ज्या बायकांकडे असे घर नव्हते त्यांच्यातल्या किती बेर्त मोरिसो हरवल्या, त्याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. आणि ज्या एदमाकडे असे घर होते, तीही हरवलीच. तेव्हा नुसत्या पैशानेही भागत नाही.

बेर्तचा हात वर्षांगणिक मोकळा होत गेला. फटकारे लांब, वेगवान. कडा अर्ध्या सोडलेल्या. कॅनव्हास मधूनमधून उघडा. पाहणाऱ्यांना ते अपुरे वाटे. ती स्वतःही समाधानी नसे आणि सुरुवातीची बरीचशी चित्रे तिने नष्ट केली. गुरुवारी संध्याकाळी तिच्या घरी देगा, मोने, रेन्वा आणि कवी मालार्मे जेवायला जमत. ही सारी मंडळी तिला आपल्या बरोबरीची मानत. तरीही १८९० च्या सुमारास तिने वहीत नोंदवून ठेवले, की बाईला खरोखर बरोबरीने वागवणारा पुरुष आपण पाहिला नाही. आणि आपल्याला तेवढेच हवे होते, कारण आपली किंमत त्यांच्याइतकीच आहे हे आपल्याला ठाऊक आहे.

१८९२ च्या एप्रिलमध्ये युजेन गेला. त्याच वर्षी तिचे पहिले एकटीचे प्रदर्शन भरले. १८९४ साली मालार्मेच्या खटपटीने फ्रेंच सरकारने तिचे एक चित्र लुक्झेंबुर्ग संग्रहालयासाठी विकत घेतले. नंतरच्या हिवाळ्यात जूलीला फ्लू झाला. तिची शुश्रूषा करता करता बेर्त आजारी पडली, फुप्फुसांना सूज आली, आणि २ मार्च १८९५ रोजी ती गेली. वय ५४. जूली सोळा वर्षांची होती. जाण्याच्या आदल्या दिवशी लेकीला लिहिलेल्या पत्रात मायेच्या चार ओळी आहेत, आणि देगा, मोने, रेन्वा यांना आठवण म्हणून काही द्यावे याच्या सूचना आहेत. आई म्हणून आणि चित्रकार म्हणून तिचे शेवटचे बोलणे एकाच कागदावर आले.

मृत्यूच्या दाखल्यावर व्यवसायाच्या रकान्यात लिहिले गेले: काही नाही. पासी येथील दफनभूमीत मानेंच्या कुटुंबाच्या थडग्यावर तिच्या नावापुढे कोरले गेले, की ही युजेन मानेची विधवा. वर्षभराने द्युराँ-रुएलच्या दालनात तिची सुमारे ४०० चित्रे मांडली गेली. ती भिंतींवर लावायला देगा, मोने आणि रेन्वा स्वतः राबले, चित्रे कुठे लावायची यावरून आपसांत भांडलेही. सरकारी रकान्याला दिलेले याहून चोख उत्तर दुसरे नाही.

पुढची सव्वाशे वर्षे मात्र पुस्तकांतून तिचे नाव यायचे ते बहुधा मानेची भावजय आणि त्याच्या चित्रांतली सुंदरी म्हणून. २०१३ साली तिचे एक चित्र लंडनच्या लिलावात सुमारे १ कोटी ९ लाख डॉलरना गेले. स्त्री चित्रकाराच्या चित्राला लिलावात तोवर एवढी किंमत आली नव्हती. २०१९ साली ओर्सेने तिचे मोठे प्रदर्शन भरवले; फ्रान्सच्या राष्ट्रीय संग्रहालयात तिच्या एकटीचे असे प्रदर्शन त्याआधी झाले होते १९४१ साली.

एदमा १९२१ पर्यंत जगली. ‘पाळणा’ तिच्याच कुटुंबात राहिला. लूव्रने तो १९३० साली घेतला आणि तिथून तो यथावकाश ओर्सेमध्ये आला. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षे एदमाच्या घरात ते चित्र होते. मुली मोठ्या झाल्या, पाळणा केव्हाच हलला असेल. भिंतीवरच्या त्या चौकटीसमोरून जाता-येता तिला त्यात काय दिसत असेल? आपले तान्हे मूल दिसत असेल, तरुणपण दिसत असेल. पण रंग किती पातळ लावलाय, पडद्यातून उजेड कसा आणलाय, हेही तिला दिसतच असणार. घरातल्या दुसऱ्या कोणाला कळले नसते इतके ते तिला कळत असणार. कारण ते कसे करायचे, हे ती बेर्तबरोबरच शिकली होती.